दोन संडासांत एकतीस माणसं

बर्मंडसी, लंडन
१४ मे

प्रिय लोरेन,

अक्षर ओळखलंस की नाही कोण जाणे. मी क्लाइव्ह, क्लाइव्ह पेटिट, खिडक्या पुसणारा. आपलं ठरलेलं लग्न मोडलं त्याला यंदा चव्वेचाळीस वर्षं होतील. घाबरू नकोस, म्हातारपणी माझं डोकं फिरलेलं नाही. बायकोला सांगूनच लिहितोय. माझ्यापुढे चहा ठेवून ती मुद्दाम वरच्या खोलीत जाऊन बसलीय. तुझा पत्ता माझ्याकडे नाही. टीव्हीवाली फिऑन, जिचा फोन तू दोनदा आपटलास म्हणे, तिनं पत्ता काही दिला नाही, पण पत्र पोचवीन म्हणाली. पोरगी शब्दाची पक्की वाटते.

माझं बरं चाललंय. गुडघा सोडला तर कसली तक्रार नाही. शिडी विकून टाकली, मागच्या अंगणात टोमॅटो लावलेत, आणि या वर्षी गोगलगायींनी मेहेरबानी केली तर तेही खायला मिळतील. जीन, माझी बायको, क्रॉयडनची. अडतीस वर्षांत तिनं मला उपाशी ठेवलं नाही की कंटाळू दिलं नाही. तिला व्यसन एकच, टोळ्यांच्या खुनांचे माहितीपट. जेवण आटोपलं की बिस्किटांचा डबा मांडीवर घेऊन बसते. सगळ्यांत तेच ते. ओला रस्ता, छातीत घुमणारं संगीत, आणि लांब कोट घालून कालव्याकाठी फिरणारा एखादा रिटायर फौजदार. तो म्हणणार, त्या दिवसानंतर लंडन पहिल्यासारखं राहिलं नाही. या हिशोबानं लंडन साठ वेळा तरी बदललं असेल. मी कुरकुरलो की जीन म्हणायची, तू गप्प बस, तुला काय कळतंय त्यातलं. मी गप्प बसायचो. त्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता.

मग फेब्रुवारीत लिंबाचा केक घेऊन फिऑन दारात उभी राहिली. तुझ्या भावावर, आपल्या रेवर, एक भाग करायचा म्हणाली. पोलिसांचे जुने जबाब वाचून तिला हसू आवरत नव्हतं. तुला ठाऊकच आहे, आपल्या गल्लीत पोलिसांना द्यायचं उत्तर पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. मी काही बघितलं नाही, मी संडासात होतो. रेला गोळी घातली त्या रविवारी पबमध्ये एकतीस माणसं होती आणि एकतीसही त्या क्षणी संडासात होती. संडास दोन, त्यातल्या एकाला कडी नाही. मीही हसलो. तिनं विचारलं, तुम्ही कुठं होतात? मी केकचा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणालो, संडासात.

लोरेन, अंत्ययात्रेच्या दिवशी फाटकापाशी तू अंगठी माझ्या हातावर ठेवलीस आणि म्हणालीस, "एवढी माणसं होती, आणि माझा भाऊ एकटा मेला." मी अंगठी खिशात घातली. तुझा राग मला तेव्हाही कळत होता. गोळी व्हिक हॅनमनं घातली हे सगळ्या मोहल्ल्याला माहीत होतं. रे गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर होतो तेव्हा तो माझ्या शिडीखाली येऊन उभा राहिला. हातानं शिडी धरली आणि माझ्या आईच्या तब्येतीची चौकशी केली, अगदी प्रेमानं. बस्स. चोवीस वर्षांचा होतो मी, माझी बोबडीच वळली. तो व्हिक अजून आहे. ऐंशी उलटली, बॅटरीच्या खुर्चीतून फिरतो. पेपरच्या दुकानात भेटला की विचारायचा, ठीक ना, क्लाइव्ह? आणि मी म्हणायचो, ठीक, व्हिक. पोलिसांना दिलेल्या उत्तरापेक्षा मला या उत्तराची जास्त लाज वाटते.

गेल्या महिन्यात शूटिंग झालं. एसेक्समधला एक बंद पडलेला पब भाड्यानं घेतला होता आणि जुन्या गोष्टी सांगायला मला बोलावलं होतं. बघतो तर सगळीकडे अंधार आणि धूर. मी म्हटलं, अहो, रविवारची दुपार होती, खिडकीतून चांगलं ऊन येत होतं, बारवर फुकटच्या भाजलेल्या बटाट्यांची वाडगी होती. बायका घरी स्वयंपाक करत होत्या आणि पुरुष तासभर पळ काढून आले होते. त्यांनी दिवे लावले, बटाटे मागवले. मला मोठं शहाणं झाल्यासारखं वाटलं. मग दिग्दर्शकानं तो प्रसंग समजावला. गोळी सुटते, तीस-एकतीस जण एकमेकांना ढकलत संडासात घुसतात, दार लागत नाही, वर गमतीचं संगीत. आणि जमिनीवर रे, एकटाच.

रेचं काम करणारा नट भला माणूस होता. तो रक्त म्हणून ओतलेल्या लाल पाकात आडवा पडला, बाकीचे पांगले, आणि त्या मोकळ्या जमिनीकडे बघताना माझ्या एकदम लक्षात आलं की तू चव्वेचाळीस वर्षं हेच बघत आलीयस. रोज हेच. मला ते सहन होईना. मी सरळ कॅमेऱ्यासमोर गेलो, खाली बसलो आणि त्या नटाचं डोकं मांडीवर घेतलं. दिग्दर्शक ओरडला. नटानं एक डोळा उघडून बघितलं आणि बिचारा परत मेला. मी म्हणालो, "हा एकटा नव्हता. मी इथं होतो. असाच बसलो होतो."

फिऑननं कॅमेरा बंद होऊ दिला नाही. मी सगळं सांगितलं, व्हिकचं नावसुद्धा. पोलिसही येऊन गेले, त्यांना खरा जबाब दिला आणि सही केली. पुढं काय व्हायचं ते होवो. जीन त्या दिवशी खूप रडली, आणि एवढी वर्षं हे पोटात ठेवलंस म्हणून मला खूप बोललीही. आता माहितीपट लागला की माझा हात धरून बसते. आज दुकानात व्हिकनं तोंड फिरवलं. मी पेपर घेतला, घरी आलो, टोमॅटोंना पाणी घातलं. इतकं हलकं मला तरुणपणीही वाटलं नव्हतं.

तो भाग येत्या गुरुवारी दाखवणार आहेत. टीव्हीतून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठीही पत्र लिहिलंच असतं. पण एक गोष्ट मी कॅमेऱ्याला सांगितली नाही, पोलिसांना नाही, जीनलाही नाही. ती तुमच्या घरची आहे. रे सहा-सात मिनिटं जिवंत होता. त्याचा हात माझ्या हातात होता. तो घाबरला नव्हता, नवा शर्ट खराब झाला म्हणून चिडला होता. मग त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाला, "आईला जाऊन सांग, जेवायला थांबू नका. मला उशीर होईल." तुमचं दार पाच मिनिटांवर होतं. पण निरोप सांगितला असता तर मी तिथं होतो हेही सांगावं लागलं असतं, म्हणून मी माझ्या घरी गेलो. तुझ्या आईनं त्याचं ताट ओव्हनमध्ये ठेवलं होतं आणि पोलीस येऊन गेल्यावरही दोन दिवस ते कोणाला काढू दिलं नाही, हे मला नंतर कळलं. तिला सांगायला फार उशीर झाला, म्हणून तुला सांगतो. लोरेन, रेनं निरोप दिलाय, जेवायला थांबू नका.

एके काळचा तुझाच,
क्लाइव्ह