दुसऱ्यांच्या नोंदणीवर

बाई, चार महिन्यांपूर्वी मी एका करारावर सही केली. बरोबर केली की चूक केली, हे विचारायला जिवंत माणसांत कोणी सापडेना, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन वीस वर्षं उलटली. माझे केस पांढरे झाले, दूध संस्थेतली कारकुनी अजून चालू आहे, आणि सुट्टीच्या दिवशी मी शाहूवाडीच्या बाजारात एका टपरीच्या आडोशाला टेबल मांडून बायकांचे अर्ज लिहिते. हे तुमच्यामुळेच सुरू झालं. त्यामुळे निदान ऐकून घ्यायला तरी तुम्ही बांधील आहात, असं मला वाटतं.

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतलं तुमचं स्वयंपाकघर मला अजून जसंच्या तसं दिसतं. रविवारची सकाळ, शाळेला सुट्टी. तुम्ही स्टोव्हपाशी बसून भाकरी थापताय आणि समोर सहा-सात बायका भिंतीला टेकून बसल्यात. प्रत्येकीच्या मांडीवर पिशवीत गुंडाळलेले कागद. माझी आईही त्यांच्यात आहे. वडील गेल्यावर पेन्शनीचा कागद कुठं अडकलाय ते तिला कळत नाही. तुमच्या हाताला पीठ लागलेलं, म्हणून पेन माझ्या हातात येतं. मी चौदा वर्षांची. मी मोठ्या झोकात लिहिते, 'माझी आई अत्यंत दुःखी असून दररोज रडत असते.' तुम्ही पिठाच्या हातानंच कागद ओढून घेता आणि त्या ओळीवर काट मारता. "अर्जात रडायचं न्हाई," तुम्ही म्हणता. "दया मागितलीस तर साहेब देईल, न्हाईतर देणार न्हाई. हक्क मागितलास की त्याला उत्तर तरी द्यावं लागतंय." आईसमोर बोलणी बसली म्हणून मला रडू येतं. तुम्ही तव्यावरची भाकरी माझ्या हातात देता आणि म्हणता, "खा आणि परत लिही." मॅट्रिक झाल्यावर तुम्ही मला कार्बन पेपरचं एक अख्खं पाकीट दिलंत. मैत्रिणींना घड्याळं मिळाली होती. मला इतकी लाज वाटली की ते पाकीट मी कुणाला दाखवलंच नाही.

आता आम्ही करतो ते काम तुमच्याहून थोडं वेगळं आहे. ग्रामपंचायतीत घराचा जो उतारा असतो, त्यावर नवऱ्याच्या नावाशेजारी बायकोचं नाव लावून घ्यायचं, एवढंच. एवढंच म्हणते खरी, पण त्या एका ओळीसाठी घराघरात किती आदळआपट होते! आम्ही सातजणी आहोत. त्यातली एक या पत्रात पुढं सारखी यायची आहे, म्हणून तिच्याबद्दल आधी सांगते. डोंगरातल्या एका वाडीवरची आहे, भाताची शेती. सासरच्यांनी एकदा भर पावसात तिचं गाठोडं अंगणात फेकलं. उताऱ्यावर नाव नव्हतं, त्यामुळे गाठोडं उचलून निघण्याशिवाय तिच्या हातात काही नव्हतं. दोन वर्षं खेटे घालून तिनं स्वतःचं नाव लावून घेतलं, त्याच घरात परत गेली, आणि आता दुसऱ्यांची नावं लावत वाड्यावाड्या चालत फिरते. लावणीच्या दिवसांत मजुरी बुडवून फिरते. मागच्या वर्षी तिनं मला सरळ सांगितलं, "ताई, कागलला कारखान्याच्या कँटीनमदी काम मिळतंय. पुढच्या दिवाळीपत्तोर बघतो. न्हाईच जमलं तर जातो मी. पोरीची फी कोण भरणार?" आपल्याकडच्या बायका बोलतात तशी पुरुषासारखं जातो-बघतो बोलणारी ही बाई दुसऱ्या दिवशी निघून गेली असती तरी मी तिला काय म्हणू शकले असते?

म्हणून मी अनुदान शोधायला निघाले. बाई, हे एक वेगळंच जग आहे. पहिल्यांदा गेले कागलच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत. नफ्यातला काही वाटा समाजकार्यावर खर्च करणं मोठ्या कंपन्यांना आता कायद्यानं बांधून दिलंय, हे तुमच्या वेळी नव्हतं. तिथली अधिकारी मुलगी गोड होती, तिनं चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमचा नोंदणी क्रमांक?" मी म्हटलं, नोंदणी नाही, आम्ही सातजणी आहोत. ती म्हणाली, मग आयकराची प्रमाणपत्रं नसतील, तपासलेले हिशेबही नसतील. आणि नुसती आज नोंदणी करून भागत नाही, तीन वर्षं काम केल्याचे कागद लागतात. मी म्हटलं, काम नऊ वर्षांचं आहे. ती म्हणाली, "हो मॅडम, पण ते कुणाचं?" तिचा हेतू वाईट नव्हता. रकाना तसा होता. पण परतीच्या एसटीत मला दुसरं काही सुचेना. खरंच, ते काम कुणाचं?

मग पुण्याला एका शिबिरात गेले, छोट्या संस्थांनी पैसा कसा उभा करायचा यावरचं. तिथं बरंच कळलं. भेटेल त्या दारावर हात पसरायचा नाही. आपल्यासारख्या कामाला याआधी कुणी पैसे दिलेत ते शोधायचं, ते कशाला देतात आणि कशाला देत नाहीत ते नीट वाचायचं, आधी दोन पानांचं पत्र पाठवायचं, बोलावलं तरच मोठा प्रस्ताव लिहायचा. परदेशी पैशाच्या वाटेला आपण जायचं नाही, तो एका संस्थेनं घेऊन दुसऱ्याला देता येत नाही. आणि नोंदणी नसेल तर एखादी नोंदणी असलेली संस्था शोधायची, जी आपल्याला छत्राखाली घेईल. पैसा तिच्या खात्यात येतो, हिशेबाची आणि कायद्याची जबाबदारी तिची, काम आपलं. मी विचारलं, आणि ती संस्था उद्या म्हणाली की काम आमचं आहे, तर? शिकवणारे गृहस्थ हसले. "म्हणून करार आधी करायचा, आणि प्रेमाच्या दिवसांत करायचा. भांडणाच्या दिवसांत कोणी करत नाही."

छत्र मिळालं ते कोल्हापुरातच. एक जुना ट्रस्ट आहे, मुलींची वसतिगृहं चालवतो. सचिव म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापक. मी आणि वाडीवरची अशा दोघी गेलो. "या पावणं, बसा," म्हणाले, आणि मग काहीही न लपवता बोलले. "पैसा आमच्या खात्यात येणार. त्यातला थोडा भाग आमच्या कचेरीच्या खर्चाला राहणार. आणि कायद्याच्या नजरेत हा आमचाच उपक्रम असणार, तुमचा न्हाई. उद्या काय उलटंसुलटं झालं तर नोटीस मला येणार आहे की, तुम्हाला न्हाई येणार." हे सगळं मला पटलं. मग त्यांनी मसुदा पुढं सरकवला. त्यात एक कलम होतं. उपक्रमानं फक्त माहिती देण्याचं आणि अर्ज भरण्याचं काम करावं, कौटुंबिक वादात कोणाची बाजू घेऊ नये.

वाडीवरचीनं ते मला दोनदा वाचायला लावलं. मग सचिवांकडं वळून म्हणाली, "सर, ज्या घरात भांडान न्हाई, त्या घरात नाव लावाय आमची गरजच काय हाय? मग आमी नुसतं हळदीकुंकू करायचं व्हय?"

सचिव चिडले नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, माझ्या वसतिगृहात डोंगरातल्या पोरी हायत. त्यांचे बाप, चुलते, हेच लोक असणार त्या भांडणात. त्यांनी पोरी काढून न्हेल्या तर मी काय करू?" यावर तिनं मसुदा परत माझ्याकडं सरकवला. तेही खरंच होतं. बाई, मला माणसं खोटं बोलताना पकडता येतात, ते तुम्ही शिकवलंत. समोरचे दोघंही खरं बोलत असतील तर काय करायचं, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत.

तीन बैठका झाल्या. शेवटी कलम बदललं. वादाच्या प्रकरणात पडायचं असेल तर आधी ट्रस्टला लेखी कळवायचं, आणि त्यांनी आठ दिवसांत हरकत घेतली नाही तर पुढं जायचं. आम्ही जिंकलो की हरलो? मी ते कलम रोज वाचते आणि रोज वेगळं उत्तर येतं. आठ दिवसांत एखादीचं गाठोडं चारदा अंगणात पडू शकतं. पण करार नसता तर कळवायला, फिरायला, गाठोडं उचलायला कोणीच उरलं नसतं.

मग ट्रस्टच्या नावानं कागलच्या त्याच कंपनीकडं प्रस्ताव पाठवला. त्याबरोबर त्यांनी एक गोष्ट आणि फोटो मागितला होता, जिचं आयुष्य बदललं अशा एका बाईचा. मी शाहूवाडीच्या बाजाराजवळ राहणाऱ्या एका म्हातारीला विचारलं. ती खुशीत म्हणाली, "काढा की, पण उद्या या. आज ह्या पातळावर नको." दुसऱ्या दिवशी ती नवं जरीकाठी पातळ नेसून, डोक्यावर पदर घेऊन, दारात ताठ उभी राहिली, हातात उतारा. इतका सुंदर फोटो! कंपनीतल्या त्या मुलीनं पाहिला आणि हळूच म्हणाली, "मॅडम, यांची गरज दिसत नाही यात." मी तो बदलला नाही. पण गोष्टीत मी एक ओळ घातली, म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं अशी. आलं नव्हतं. अनुदान मंजूर झालं. त्या ओळीमुळं झालं असं नाही म्हणता येत, आणि नाही असंही म्हणता येत नाही.

तुमच्यावर राग धरायचा तो इथं. मी तेवीस-चोवीस वर्षांची असताना शाळेच्या कचेरीत तुम्हाला विचारलं होतं, बाई, आपण संस्था का काढत नाही? तुम्ही हजेरीपट मिटलात आणि म्हणालात, "संस्था काढली की आधी तिची भूक भागवावी लागते. मग बायकांची." किती शहाणपणाचं वाटलं होतं! मी ते पुष्कळांना सांगितलं. पण तुम्ही गेल्यावर तिसऱ्या रविवारी मी तुमच्या गल्लीत गेले, तर बंद दाराशी एक बाई पिशवी घेऊन बसलेली. पहाटेच्या गाडीनं राधानगरीकडून आलेली. मी म्हटलं, मावशी, बाई वारल्या. तिनं पिशवीची गाठ पुन्हा आवळली. मग म्हणाली, "मग आता आमी कुणाकडं जायाचं?" तुमच्या शहाणपणात या प्रश्नाला जागा नव्हती, बाई. मी तिचा अर्ज पायरीवर बसून लिहिला, पण त्यानंतर किती वर्षं मी काहीच केलं नाही, ते तुम्हाला ठाऊक नाही. तुमचं काम तुमच्याबरोबर संपलं. भूक लागणारी का होईना, एखादी संस्था असती तर ते संपलं नसतं. की आणखी लवकर संपलं असतं? अशा कितीतरी संस्थाही मी बघितल्यात, ज्यांच्या पाट्या राहिल्या आणि काम गेलं.

पहिलं मानधन मिळालं तेव्हा वाडीवरचीनं ते मोजलंही नाही. तिनं मुलीची फी भरली आणि कँटीनवाल्याला येत नाही म्हणून कळवलं. दुसऱ्याच दिवशी एका घरी वादाचं प्रकरण आलं आणि मी ट्रस्टला पहिलं पत्र लिहिलं. आज पाचवा दिवस आहे. उत्तर आलेलं नाही. ती रोज त्या घरावरून नुसती चालत जाते. करारात चालण्याबद्दल काही लिहिलेलं नाही, असं ती म्हणते.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. त्याचं कारण सांगते. सही करायच्या आधी आम्ही सातजणी बसलो होतो. चौघी करारावर नाखूश होत्या. वाद दोन तास चालला, आणि शेवटी मी म्हटलं, "बाई असत्या तर त्यांनी सही केली असती." तुम्हाला एकीनंही पाहिलेलं नाही, फक्त माझ्या तोंडून ऐकलंय. सगळ्या एकदम शांत झाल्या. वाडीवरची म्हणाली, "मग झालं की." तुम्ही खरंच काय केलं असतं ते मला माहीत नाही, बाई. पण त्या शांततेत मला फार बरं वाटलं, हे मात्र माहीत आहे.