ह्यांच्या बिअरचं काळं मडकं

मी, अहिल्या मनोहर टिपणीस, राहणार नेपरव्हिल, इलिनॉय, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाखाली न येता आणि सकाळचा चहा घेऊन, माझ्या पश्चात काय व्हावं ते लिहून ठेवते. आधीची मृत्युपत्रं रद्द समजावीत. त्यांतलं एक मी रागात लिहिलं होतं.

१. राहतं घर व बचत माझा मुलगा ऋषी याला. गराज आवरण्याचं कामही त्यालाच.

२. मातीकामाची हत्यारं व घोटायचे गोटे माझी शिक्षिका नोमुसा हिला. दक्षिण आफ्रिकेच्या या झुलू बाईने मला चाकाशिवाय, मातीच्या वळ्या रचून, पूर्वजांना बिअर देण्याचं मडकं घडवायला शिकवलं. त्यावरचे उंचवटे म्हणजे गुरांचा कळप. माझे बुंदीएवढे झाले. "तुझी गुरं उपाशी दिसतात," ती म्हणाली.

३. उरलेल्या गोवऱ्या शेजारीण प्रीता हिला. इंडियन स्टोअरच्या याच गोवऱ्यांवर मी अंगणात मडकं भाजलं आणि मग धुरात काळं करत होते, कारण नोमुसाच्या पूर्वजांना काळोख आवडतो. प्रीताने मला न विचारता फायर ब्रिगेड बोलावली.

"मॅम, काय जळतंय?" जवानाने विचारलं.

"पॉट!" मी खरं तेच सांगितलं. इथे गांजालाही पॉटच म्हणतात, आणि इलिनॉयमध्ये तो कायदेशीर आहे, म्हणून निभावलं.

४. मुख्य मुद्दा, ते मडकं. माझे यजमान कै. मनोहर यांना बिअर फार प्रिय. डॉक्टरांनी ती बंद केली आणि फ्रीजवर पहारा मी दिला. ह्यांच्या वर्षश्राद्धाला मी खिरीशेजारी मडकंभर बिअर ठेवली.

"आई, बाबांना बिअर मना होती!" ऋषी ओरडला.

"आता कुठला डॉक्टर तपासतोय?"

तो हसला, आणि हसता हसता रडायला लागला. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच. मग झुलू रीतीने मडकं हातोहात फिरलं. गुरुजी म्हणतात, त्यांनी नुसता वास घेतला. मिशीला फेस होता.

हे मडकं ऋषीला. शोकेसमध्ये ठेवल्यास ते नोमुसाकडे जाईल. माझ्या श्राद्धालाही त्यात बिअरच भरावी. मला ती कडू लागते. पण इतक्या वर्षांनी भेटल्यावर ह्यांना एकट्याने पिऊ देणं बरं दिसणार नाही.

ठिकाण: नेपरव्हिल
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२४
(सही) अहिल्या म. टिपणीस

अहिल्याकाकूंनी आमच्यासमोर, आम्हाला बिअर न पाजता, सही केली.
साक्षीदार: (सही) राकेश वासनिक
(सही) अनिका चौबळ