तळाचा डबा

३ जून
पुन्हा दुधी! तोही मार्चमधला. डब्यातून ढेकळासारखा निघाला, टोपात पाणी सुटलं. शी.

आणि गंमत म्हणजे आज सकाळीच मी परसातले चार कोवळे दुधी काढून दिले. नख रुतेल असे. सूनबाईने ते चिरले, शिजवले, डब्यांत भरले, चिकटपट्टीवर तारीख घातली आणि थेट फ्रीझरमध्ये. "आधीचं आधी संपवायचं, बाबा. काही वाया जात नाही." म्हणजे पिकवायचं ताजं, गिळायचं शिळं. आजचा दुधी माझ्या ताटात येणार सप्टेंबरात. तोवर राहिलो तर.

५ जून
टोमॅटोचा रस्सा, एप्रिलचा. चव गंजक्या नळाची. मुलाला विचारलं, तुला जातं कसं रे हे? मोबाइलमधून मान वर न करता म्हणतो, "गरम आहे ना, बाबा? मग झालं तर." बायकोचा बैल.

९ जून
काही बरं सापडेल म्हणून फ्रीझरच्या तळापर्यंत हात घातला. एक चपटा डबा लागला, पिशवीत गुंडाळून गाठ मारलेला. सून मागेच उभी. "त्याला हात लावू नका, बाबा. तो ठेवलाय."

कुणासाठी? तिने फ्रीझरचं दार लावून टाकलं. सगळ्यांत तळाचा म्हणजे सगळ्यांत आधीचा ना? मग तो का नाही संपवायचा? नियम काय तो मला एकट्याला. माहेरच्यांसाठी राखला असणार, दुसरं काय.

१० जून
भात. मे महिन्यातला. ओला कागद चावल्यासारखा.

१४ जून
बायकोला जाऊन आज सहा महिने झाले. ही होती तेव्हा घेवडा तोडून आणला की अर्ध्या तासात कढईत पडायचा. शेंगा मोडल्याचा आवाज परसात ऐकू यायचा मला. तिची फार आठवण येते.

आज ताटात काय? दुधी. दोन घास खाऊन उठलो. सुनेने उरलेलं डब्यात भरून ठेवलं. माझं उष्टं! किळस आली या घराची.

२० जून
मुलगा आणि सून तीन दिवस तिच्या बहिणीकडे गेली. "डबे काढून ठेवलेत, बाबा, तारखेप्रमाणे." दार लागलं आणि मी फ्रीझरचं बटण बंद केलं. वीज गेली होती म्हणेन. सापही मरेल आणि काठीही तुटणार नाही.

संध्याकाळी स्वतः घेवडा परतला. थोडा करपला. पण ताजा! दोनदा वाढून घेतला.

२३ जून
घरभर घाण वास. सून नाकाला पदर लावून डबे खताच्या खड्ड्यात ओतत होती, मी फावडं घेऊन शेजारी. वरून तोंड पाडलेलं, आत आनंदाच्या उकळ्या.

तळाचा डबा निघाला तो मात्र तिने ओतला नाही, खड्ड्याच्या कडेला ठेवला. मीच गाठ सोडली. पट्टीवर अक्षर सुनेचं नव्हतं. 'घेवडा. ११ डिसेंबर.' बारा तारखेला हिला दवाखान्यात नेलं होतं.

"तुमच्या वाढदिवसाला काढणार होते, बाबा," सून म्हणाली. "आईंच्या हातचा शेवटचा."

ती डबा तिथेच ठेवून घरात गेली. बटणाचं मी अजून सांगितलेलं नाही.

२४ जून
घेवडा आंबला होता. तार सुटली होती. खाल्ला. सगळा.