ताईची नवी गोळी

४ जून

चि. चिमणीस, अनेक आशीर्वाद.

फोनवर तू डॉक्टर होतेस आणि मी रडते, म्हणून पत्र. हा कातडीतला कॅन्सर आता पाठीवरून खांद्यावर आलाय. खाजेनं जीव नकोसा होतो. लागण होत नाही असं सांगूनही काही आयांनी पोरींना माझ्याकडे पोहणं शिकायला पाठवणं बंद केलं. मग तलावाच्या मॅनेजरनं मला पावत्या फाडायला बसवलं. डॉक्टरांनी नवी गोळी दिलीय. ती तुझ्याच संशोधनाच्या विषयातली म्हणे. काय करते ती, ते मला आणि तुझ्या भाऊजींना कळेल असं लिही.

तुझी ताई

९ जून

ती. ताईस, शि. सा. न.

पेशीत सूचनांचा लांबच लांब धागा असतो, हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला. काही एन्झाइम गुंडाळी सैल करतात, काही आवळतात. तुझ्या आजारी पेशींत आवळणारे माजलेत, त्यामुळे 'वाढ थांबव' ही सूचना वाचलीच जात नाही. गोळी त्यांना रोखून धरते. पण ताई, ती साधारण तिघांतल्या एकालाच लागू पडते. खोटं कसं लिहू? थकवा येईल, तोंडाची चव जाईल. एकाच एन्झाइमला रोखणारं, कमी त्रासाचं औषध आम्ही बनवतोय. तोवर दम धर.

तुझीच, चिमणी

२१ जुलै

चि. चिमणीस, आशीर्वाद.

चव गेली. भात काय, दूध काय, सगळं पत्रा चाटल्यासारखं लागतं. परवा चिडून म्हटलं, गोळी बंद. जेवताना पाहिलं तर यांनी ताटात मीठ, लोणचं काहीच घेतलेलं नाही. विचारलं तर म्हणाले, तू एकटीनंच बेचव का खायचं? मला हसू आलं आणि गोळी पोटात गेली. डॉक्टरांनी डोस थोडा कमी केलाय.

तू जेवतेस ना वेळेवर?

ताई

६ ऑगस्ट

ती. ताईस, शि. सा. न.

आमचं औषध फसलं. आजारी पेशी मेल्या, पण रक्तातल्या चांगल्या पेशीही गेल्या. साहेबांनी काम बंद करायला सांगितलं. त्यांचं बरोबरच आहे. पण ते तुला मिळेल असं मी मनात धरून बसले होते. कुणाला सांगितलं नव्हतं, तुलाही नाही.

चिमणी

१८ ऑगस्ट

चि. चिमणीस, पोटभर आशीर्वाद.

वेडे, मी तुझ्या औषधाची वाट बघत नव्हते, तुझ्या पत्राची बघत होते. आता ऐक. पाठीवरचे डाग फिके पडलेत. खांदा अजून हट्टी आहे आणि पुढचं डॉक्टरही सांगत नाहीत. पण खाज उतरलीय. काल इतकी गाढ झोपले की यांनी घाबरून मला हलवून उठवलं.

शनिवारी तुझ्याकडे येतेय. एन्झाइमचं काही विचारणार नाही. पाठीला मलम लावायचंय, माझा हात पोचत नाही आणि हे भीत भीत लावतात. तू नीट दाबून लाव. आता हात लावला तरी दुखत नाही.

तुझ्यावरची माया आहेच, तीही बरोबर आणते.

तुझी ताई