मऊ तळाचे बूट आणि शिट्टीवाले

मी, खाली सही करणारा, जोडे शिवण्याच्या धंद्यातून निवृत्त झालेला माणूस, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवतो. बायकोने दबाव आणला असता तर बरेच वाटले असते. पण तिला सध्या वेळ नाही.

१. राहते घर माझ्यामागे पत्नीचे. अट एकच: खिडकीजवळच्या माझ्या खुर्चीत शिट्टीवाल्यांनी बसू नये. पत्नीच्या हृदयाने दगा दिला, तेव्हा डॉक्टरांनी तिला ज्येष्ठांच्या व्यायामवर्गात धाडले. शिट्टीवाले तिथले शिक्षक. वयाने माझ्याएवढेच, पण पोट नाही. जिन्यात अर्ध्यावर माझा हात धरणारी ती आता वर पोचून मला हाका मारते. तिचा दम वाढला याचा आनंद आहे. तो दुसऱ्याच्या शिट्टीवर वाढला, हे मला सोसत नाही.

२. ऐरण, आऱ्या, हातोड्या आणि लाकडी साचे धाकट्या मुलीला. मेहुण्याला काही नाही. हल्ली ताई किती तरुण दिसते, असे तो माझ्या तोंडावर म्हणाला.

३. मऊ रबरी तळाचे काळे बूट. यांचा खुलासा करणे भाग आहे. वर्गानंतर ही मंडळी फिरायला जाऊ लागली आणि पत्नीचे बूट झिजू लागले. माझ्या डोक्यात किडा वळवळला. मी आवाज न होणारे बूट शिवले आणि रोज सकाळी त्यांच्या मागून, अंतर राखून चालू लागलो. रस्ता हळूहळू लांबत गेला, पुढे त्यात चढही आला. यावरून काय ते मी ओळखले. शिट्टीवाले हसले की माझी पावले आपोआप भरभर पडत. शिट्टीवाल्यांनी तिला पाण्याची बाटली उघडून दिली, त्या दिवशी मी इतका तापलो की आडवाटेने त्यांच्याआधीच पुलावर पोचलो आणि लपायला खांब शोधावा लागला.

४. छातीत धडधडते, म्हणून मृत्युपत्र करायला घेतले. शुद्धीचा दाखला द्यायला डॉक्टर घरी आले. नाडी, रक्तदाब पाहून त्यांनी विचारले, व्यायाम कुठला करता? असले चोचले मी करत नाही, असे मी ठणकावले. मग हृदय गेल्या वर्षीपेक्षा इतके सुधारले कसे, हे त्यांना कळेना. धडधडते कधी, म्हणाले. शिट्टी ऐकली की, मी म्हणालो.

दारात उभी असलेली पत्नी डॉक्टरांना म्हणाली, "माझ्या मागून चालतात ते. रोज."

मग माझ्याकडे वळली. "जोडे शिवणाऱ्याची बायको आहे मी. झिजलेले तळ मलाही ओळखता येतात. वर्गाला चला म्हणून किती विनवलं, आला नाहीत. शेवटी मीच शिट्टीवाल्यांना म्हटलं, रस्ता लांबवा. पण बेताबेतानं, मागच्या माणसाला झेपेल असा."



५. सबब, ते बूट कोणाला देऊ नयेत, मलाच लागतील. उद्यापासून मी तिच्या शेजारून चालणार आहे. खुर्चीची अट कायम. शिट्टीवाल्यांचे उपकार झाले, तेव्हा त्यांना काही द्यावे असे पत्नीचे म्हणणे पडले. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असे वकील सांगतात. म्हणून दुसरे साक्षीदार मुद्दाम तेच.

ठिकाण: राहते घर, खिडकीजवळ
दिनांक: आजचा, सकाळच्या फेरीनंतर

सही: जोडेवाला

साक्षीदार:
१. डॉक्टर (सही)
२. शिट्टीवाले (सही, उभ्याने केली)