दसऱ्याच्या माळेची तार

दादा,

गाडीले हात लावू नको, असं तुम्ही दसऱ्यापासून मले बजावलं आहे. काल तुम्ही शेतात असताना मी हात लावला.

गाडी धक्क्याशिवाय सुरू होत नाही ते बॅटरीमुळं नाही, बॅटरी चांगली आहे. पूजेच्या दिवशी तुम्ही बॉनेटच्या आत झेंडूची माळ तारेनं बांधली होती. फुलं वाळून गळली, तार तशीच राहिली. ती पहिल्या हीटर प्लगपुढच्या पट्टीले अन् इंजिनाले एकाच वेळी टेकली, सगळा करंट पहिल्या प्लगवर आला अन् तो जळाला. चारही प्लग एकामागं एक जोडलेले असतात, एक गेला की सगळे थंड. अन् थंड प्लगवर डिझेल पेटत नाही. आता तार काढून नवा प्लग बसवला आहे.

आईले मी एवढंच सांगितलं की प्लग जुना झाला होता.

आज तिले घेऊन शेगावले निघताना हीटरचं बटण ओढून धरा, सावकाश तीसपर्यंत मोजा, मगच स्टार्टर मारा. धक्का द्यायले कोणाले बोलावू नका.

मलेही सोबत घ्यायचं असलं तर मी पुढं चिखलीच्या फाट्यावर उभा राहतो. गाडी थांबवली तर इंजिन बंद करू नका. पण थांबवा.

वैजनाथ