पोटदुखीचं रजिस्टर

२१ जानेवारी १९७४
बनूचं पोट आज पुन्हा दुखलं! सकाळी सव्वासहाला, बरोबर पाढ्यांच्या वेळी. सलग नववा दिवस. रजिस्टरात नोंद केली.

पलटणीत रोज सकाळी आजाऱ्यांची यादी लागायची. पेन्शनवर आल्यापासून मी घरातही ठेवतो. हसायचं त्यांनी हसावं. माणसं तीनच — बायको चंद्राबाई, सूनबाई आणि सात वर्षांची नात बनू. मुलगा कृष्णात सरहद्दीवर, तेव्हा त्याच्या लेकीची जबाबदारी माझी. पाचला उठणं, अंगणात कवायत, सव्वासहाला पाढे, मग न्याहारी. घर कसं सुरळीत चाललंय. फक्त या पोरीचं पोट!

२२ जानेवारी
ओवा, हिंग, एरंडेल झालं. जंताचं औषधही झालं. व्यर्थ.

२५ जानेवारी
फलटणला नेलं. डॉक्टर तरुण आहे. पोट दाबून पाहिलं, सगळं तपासलं, काही सापडलं नाही. मग मलाच विचारत बसला — सकाळी घरात काय चालतं, पोरगी कुणाला घाबरते का. म्हटलं, आमच्या घरी शिस्त आहे, भीती नाही. तर म्हणतो, "सुभेदारसाहेब, ती म्हणते तेव्हा खरंच दुखतं. पण पोटात काही नाही."

हे काय निदान झालं! येताना बनूला जिलेबी घेतली. एस्टीत अख्खा पुडा एकटीनं संपवला आणि रस्ताभर गाणी म्हटली. पोटाचं नावही नाही.

१ फेब्रुवारी
उद्या जतला निघतो. कोंडीबाच्या मुलीचं लग्न आहे. आम्ही एकाच दिवशी भरती झालेले, जायलाच हवं. रजिस्टर सूनबाईच्या हवाली केलं. सातवी पास आहे, अक्षर चांगलं. रोज लिहायचं, खाडा नको, म्हणून बजावलं. तिनं मान हलवली. ती माझ्याशी मानेनंच बोलते.

५ फेब्रुवारी, जत
इथं घड्याळाला कुणी विचारत नाही. पाण्याचा टँकर आला की सकाळ! पण लग्न झकास झालं. कोंडीबाचे भाऊ कानडीत भांडतात आणि मराठीत समेट करतात. खूप दिवसांनी पोटभर हसलो.

जेवणानंतर त्याला बनूचं दुखणं सांगितलं. त्याला हसूच आवरेना. "गड्या, नात तुझ्यावरच गेली की रं! रंगरूट हुतास तवा परेडीआधी दोन-दोनदा टमरेल घिऊन पळायचास. उस्ताद रजेवर गेला की मातूर दगडबी पचवायचास."

असलं काही मला आठवत नाही. कोंडीबाला तिखटमीठ लावून सांगायची सवयच आहे.

६ फेब्रुवारी, जत
आठवतं. कवायत घेणाऱ्या त्या उस्तादाचं नाव नाथाजी. लांबून त्याचा आवाज आला तरी पोटात कळ यायची.

१२ फेब्रुवारी
घरी पोचलो. चहाच्या आधी रजिस्टर मागितलं. अकरा दिवस कोरे! सूनबाईला फैलावर घेतलं — काम सोपवलं होतं, एक अक्षर लिहवलं नाही? तिनं मान खाली घातली. चंद्राबाई चुलीपुढूनच म्हणाली, "आवं, कुणाचं कायबी दुखलंच न्हाई, तर तिनं लिवायचं काय?"

कुणाचंच नाही! म्हणजे सूनबाईचं रोजचं डोकंही दुखलं नाही, हिची छातीतली धडधडही नाही.

१३ फेब्रुवारी
सव्वासहा. बनूचं पोट दुखलं. पाढे म्हण, असं मी म्हणालोसुद्धा नव्हतो. नुसता अंगणात उभा होतो.

नोंद करायला बसलो. आजार म्हणून काय लिहू, माझं नाव? फार वाईट वाटलं. पोरीचं भलं करायला निघालो होतो मी!

१४ फेब्रुवारी
चंद्राबाईला विचारलं, इतके दिवस मला बोलली का नाहीस? म्हणाली, "तुमास्नी कोन सांगनार?"

२२ फेब्रुवारी
सकाळचे सगळे कार्यक्रम बंद. मी पाचलाच उसाला पाणी पाजायला जातो, ऊन वर आल्यावर येतो. कवायत एकटाच करतो, बांधावर. बैल बघत असतात, त्यांना काही होत नाही. सूनबाईनं आज आपणहून विचारलं, आमटीत मीठ बरोबर आहे का. जास्त होतं. छान आहे म्हणालो.

बनू मात्र अजून मला पाहून आईच्या मागे सरकते. घाई करून चालणार नाही, एवढं कळतं.

४ मार्च
पाच दिवस दुखलं नाही! खूश झालो. पण दुपारी मनात आलं — दुखत असेल आणि मला वाईट वाटू नये म्हणून पोरगी सांगत नसेल तर? आता हाच एक घोर लागलाय. विचारावं तरी पंचाईत. माझ्यासमोर ती "बरं हाय" एवढंच म्हणणार.

९ मार्च
सवय वाईट! सकाळी तोंडातून निघूनच गेलं — "बनू, तेराचा पाढा!" सूनबाईची भाकरी थापायची थांबली. चंद्राबाईनं डोळे मिटले. मीही जीभ चावली. बनूनं परकरात लगोऱ्या गोळा केल्या आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. "न्हाई म्हननार. मी खेळाय चालले, आप्पा." आणि गेली!

या घरात मला आजवर कुणी तोंडावर नाही म्हटलं नव्हतं. दिवसभर मी त्याच आनंदात आहे.